गणपतीनंतर द्या: रत्नागिरीतल्या एका बिनपाटीच्या मेसबद्दल

दर जूनमध्ये गावाकडच्या कुणा ना कुणा पोरीचा मेसेज येतो. "ताई, रत्नागिरीत ॲडमिशन झालं, मेस कुठली लावू?" प्रत्येकीला वेगळं टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. २०२२ ते २०२५ अशी तीन वर्षं मी एकाच मेसमध्ये जेवले, तेव्हा जे लिहिते आहे ते एका दिवसाच्या पाहुणीचं मत नाही.

मेस मारुती मंदिरच्या बाजूच्या एका गल्लीत आहे. जुनं चिरेबंदी घर, पुढे पडवी, पडवीत तीन लांब टेबलं. पाटी नाही. रिक्षावाल्याला नाव सांगून उपयोग नाही, कारण नावच नाही. सगळे 'काकूंची मेस' म्हणतात आणि त्या भागात मेसवाल्या काकू निदान चार असतील. संध्याकाळी साडेसातला पाठीवर सॅक लावलेली दहा-बारा पोरं एका दिशेनं चालताना दिसली की त्यांच्यामागून जा, पोचाल. दोन वेळच्या जेवणाचे मी लागले तेव्हा महिना २६०० होते, सोडली तेव्हा ३०००. आता ३२०० झालेत.

जेवण कसं? खरं सांगू, मधलं. तांदळाची भाकरी एक नंबर. सोमवारी आणि गुरुवारी रात्री असते, तव्यावरून थेट ताटात येते, पापुद्रा सुटलेली, आणि बरोबर कुळथाची पिठी. त्या दोन रात्री खाडा करू नका. भात जाडा, पण गरम. घडीची पोळी सकाळी ठीक आणि रात्री चिवट, एवढी चिवट की आमच्यातला एकजण तिला 'पदवीपर्यंत टिकेल' म्हणायचा. आमटी महिन्याच्या सुरुवातीला आमटी असते. २५ तारखेनंतर डाळ वाटीच्या तळाशी शोधावी लागते. बुधवार-शुक्रवार मासे. सुरमई-पापलेटची स्वप्नं बघू नका. बांगडा, मांदेली, कधी पेडवे. बांगड्याचे तुकडे करताना काकूंचा हात सोनाराचा होतो, आणि उशिरा आलात तर शेपटीच वाट्याला येणार. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा जवळा, सुकट, सुके बांगडे. पावसात बाहेर धो धो कोसळतंय आणि आत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास, हे ज्याला आवडत नाही त्यानं रत्नागिरीत शिकायला येऊच नये असं माझं मत. शाकाहारी ताट वेगळं मिळतं, पण बुधवारी त्यात बटाट्यापलीकडे काही असेल अशी आशा धरू नका. रविवारी दुपारी कोंबडी, रात्री मेस बंद.

वेळ रात्री साडेनऊपर्यंत. नऊ चाळीसला गेलात तर ताट मिळतं, बोलणीही मिळतात.

आता जे सांगायला हे लिहायला घेतलं ते. बाकीच्या मेसमध्ये महिन्याचे पैसे आगाऊ लागतात, वर डिपॉझिट. त्यात त्यांचं चुकत नाही, पोरं बुडवून जातात. पण आमच्यासारख्या घरांचा हिशेब वेगळा असतो. माझे बाबा चिरेखाणीवर. पाऊस लागला की खाण पाण्यानं भरते, काम थांबतं, ते सुरू व्हायला दसरा उजाडतो. आई काजू फॅक्टरीत काजू सोलायला जाते. तिथं जितके किलो तितके पैसे. माझी जयगडकडची मैत्रीण, तिचे वडील होडीवर खलाशी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जायची बंदी, म्हणजे ते दोन महिने घरात पैसा नाही. आणि कॉलेजची फी कधी? जून-जुलैत. रूमचं डिपॉझिट, पुस्तकं, मेसचा आगाऊ महिना, सगळं त्याच वेळी. आमच्याकडे पैशाची आणि फीची गाठ म्हणून कधी पडत नाही.

मी पहिल्या दिवशी पडवीत छत्री निथळत उभी होते. बरोबर बाबा. त्यांनी खिशातून १००० रुपये काढले आणि उरलेले कधी देणार हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी विचारलं, "काम कसलं करता?" बाबा म्हणाले, "चिऱ्याच्या खाणीवर." काकू म्हणाल्या, "मग आत्ता कुठून आणणार? हजार ठेवा. बाकीचं गणपतीनंतर बघू."

गणपतीनंतर का, हे त्यांनी आम्हाला कधी समजावलं नाही. मला कळायला वर्ष गेलं. ऑगस्टमध्ये होड्या सुटतात. गणपतीला मुंबईचे चाकरमानी गावी येतात, काका-मामांच्या खिशात पैसे असतात, उसने मिळतात. खाणीवाल्यांचं दसऱ्यानंतर. काकूंचे यजमान स्वतः ट्रॉलरवर होते, त्यामुळे हे पंचांग त्यांना तोंडपाठ.

त्यांची वही एकदा बघायला मिळाली. लाल कापडी पाठीची लांब चोपडी, प्रत्येकाचं एक पान. पानाच्या वर आडनाव नाही. गाव आणि घरातलं काम: 'देवरूख आतली, चिरेखाण'. 'जयगड, होडी'. 'लांजा, आंबा'. लांज्याच्या त्या पोराचे वडील कलमांच्या बागेत होते, त्यांचा हिशेब मे महिन्यात एकदम व्हायचा. आडनाव नसल्यानं जातही नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. काकूंनी ते मुद्दाम केलं असेल असं नाही. त्यांना फक्त पैसे कधी येणार एवढं कळायला हवं होतं.

तरी उधारीची लाज वाटायची ती वाटायचीच. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझं पान बरंच लांबलं होतं. मी जेवणं कमी करायला लागले. मंगळवारी रात्री गेले नाही, उपास म्हणाले. गुरुवारी उपास. शनिवारी उपास. काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"मंगळवार कोणाचा?"

"गणपतीचा."

"गुरुवार?"

"दत्ताचा."

"शनिवार?"

"मारुतीचा."

"आणि रविवारी रात्री मेस बंद. म्हणजे तेहतीस कोटींनी मिळून तुला उपाशी मारायचं ठरवलंय काय गो? बस पानावर."

त्या रात्री भाकरी नव्हती, तीच चिवट पोळी होती. चार खाल्ल्या.

जेवणाइतकीच उपयोगी तिथली टेबलं. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला मला घरातलं कोण सांगणार होतं? बाबा सातवी, आई चौथी. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, बोनाफाइड, यातलं काय कुठल्या खिडकीवर मिळतं हे पॉलिटेक्निकच्या एका दादानं सोलकढीच्या वाटीखाली कागद दाबून लिहून दिलं. पहिल्या वर्षीची रक्कम मंजूर झाली असं दिसत होतं, खात्यात मात्र शून्य. मी दोन महिने रडकुंडीला आलेले. त्या दादानं विचारलं, "आधार कुठल्या खात्याला शेवटचं जोडलंस?" तेव्हा आठवलं, अकरावीत एका शिबिरात दुसऱ्या बँकेत शून्य शिलकीचं खातं काढलं होतं आणि तिथं अंगठा दिला होता. असे पैसे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार शेवटी ज्या खात्याला जोडलंय तिथं जातात. पासबुक आईच्या पेटीत साड्यांखाली सापडलं. पैसे आत नीट बसून होते. ही एक गोष्ट सगळ्यांनी फॉर्म भरण्याआधी तपासा, मेस कुठलीही लावा.

आणि आई. पहिल्या सेमिस्टरला अर्थशास्त्रात उडाले. घरी फोन केला, म्हटलं, "आई, केटी लागली." पलीकडे क्षणभर शांतता, मग आईचा आवाज एकदम उजळला: "लागली? कुठं? साखर वाटू काय?" आमच्याकडे 'लागते' ती नोकरी. मी रडता रडता हसत सुटले. शेवटी फोन काकूंनी घेतला आणि आईला सांगितलं की केटी म्हणजे राहिलेला पेपर, पुन्हा देता येतो, पोरगी हुशार आहे, रात्री अभ्यासाऐवजी गप्पा मारते. शेवटचं सांगायची गरज नव्हती.

आता मी मुंबई विद्यापीठात, कलिन्याला, समाजशास्त्रात एम.ए. करते. तिथं एका तासाला अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे मेक्सिकोसारख्या देशांतून आलेल्या घरांतल्या, विद्यार्थ्यांबद्दल वाचायला दिलं, घरात पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या मुलांबद्दल. तिकडे याला 'फर्स्ट जनरेशन' म्हणतात, आणि ते कायद्यात बसवलेलं आहे: आई-वडील दोघांपैकी कुणाकडेही चार वर्षांची पदवी नाही, तो विद्यार्थी पहिल्या पिढीतला. त्या व्याख्येनं आमच्या मेसची जवळजवळ आख्खी पंगत बसली असती. अशा मुलांसाठी तिकडे सरकारी खर्चानं शिकवणी, फॉर्म भरायला मदत, सल्ला असं चालतं. कॉलेजातल्या मुलांसाठीची त्यातली एक योजना १९६८ पासूनची. पण मला थांबवलं ते 'कॅम्प' नावाच्या दुसऱ्या योजनेनं. १९७२ पासूनची. हंगामी शेतमजुरांच्या मुलांना कॉलेजच्या पहिल्या वर्षी सावरायला. हंगामी! कॅलिफोर्नियात द्राक्षं खुडणाऱ्या मेक्सिकन घरांचंही पीक असेल तेव्हा पैसा, नसेल तेव्हा नाही. कुणीतरी ते सरकारी कागदावर लिहून ठेवलं. आमच्याकडे ते लाल चोपडीत होतं.

त्याच वाचनात तारा योसो या अभ्यासक बाईंचं २००५ सालचं एक मांडणं आहे. अशा घरांत काय काय नाही याच्या याद्या सगळेच करतात. या बाईंनी काय आहे ते मोजलं. सहा प्रकारचं भांडवल त्या सांगतात: स्वप्न बघायचं, भाषेचं, घरच्यांचं, ओळखीपाळखीचं, अनोळखी व्यवस्थेतून वाट काढायचं, आणि अन्यायाला नाही म्हणायचं. वर्गात सगळे इंग्रजी शब्द उतरवून घेत होते, माझ्या डोळ्यापुढे सोलकढीच्या वाटीखालचा कागद. आणि तिथली मुलं आपल्या आईबापांसाठी कचेऱ्यांत दुभाषी होतात हे वाचलं, तेव्हा तलाठ्याकडचं पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखवणारी सातवीतली मी. त्या आयांना कॉलेजात काय चालतं ते ठाऊक नसतं, पण फोनवर त्या स्पॅनिशमध्ये म्हणतात, 'एचाले गानास'. म्हणजे जीव ओतून कर. माझी आई म्हणते, "जमेल तेवढं कर, नाय जमलं तर घर आहे." दुसरं वाक्य मला जास्त आवडतं.

पदवीच्या निकालानंतर तालुक्याच्या एका पेपरात माझा फोटो आला. 'चिरेखाण कामगाराच्या मुलीची चिवट जिद्द.' बाबांनी तो कापून लॅमिनेट केलाय. मला 'चिवट' वाचल्यावर रात्रीची पोळीच आठवली. आमच्याकडे जिद्दीच्या गोष्टी तशाच सांगतात. महर्षी कर्वे मुरुडहून परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले, आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही, हे शाळेत दरवर्षी ऐकलं. वाटेत त्यांना जेवू कुणी घातलं हे गुरुजींनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पूर्वी गरीब मुलं वार लावून जेवत, रोज एका घरी, तेही ऐकलं. ते वार आमच्या आजोबांसाठी कुठल्या घरी लागले असते, हे आजीला विचारलं तर ती नुसती हसली.

जिद्द म्हणाल तर जयगडच्या त्या माझ्या मैत्रिणीत माझ्या दुप्पट होती. पहाटे चारला उठून अभ्यास, अर्थशास्त्रात मला शिकवायची तीच. दुसऱ्या वर्षी तिच्या भावानं होडीच्या इंजिनासाठी कर्ज काढलं, हप्ते थकले, आणि डिसेंबरात तिचं लग्न ठरलं. काकूंची उधारी तिला आणखी वर्षभर चालली असती. रूमचं भाडं आणि घरचे हप्ते काही गणपतीनंतर चालत नाहीत. कोकण बोर्ड २०१२ ला सुरू झालं तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात राज्यात पहिलं येतंय, २०२५ ला दहावीचा निकाल ९८.८२ टक्के. सगळीकडे पेढे. त्या पेढ्यांनंतरच्या तीन-चार वर्षांत कोण कुठे गळालं हे कुणी मोजत असेल तर मला ते वाचायचंय.

तक्रारी सांगते, नाहीतर म्हणाल काकूंनी लिहून घेतलं. हात धुवायला बेसिन एकच. एप्रिल-मेमध्ये पाण्याची बोंब. टँकर आला नाही की ताटं कशी घासली असतील याचा विचार न करता जेवायचं. खाड्याचा नियम कडक: सलग तीन दिवस, आणि आधी सांगितलं तरच वजा. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीला अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून मी महिन्यातून दोनदा घरी जाऊ लागले, पण दोनच दिवसांसाठी. ते खाडे मला कधीच मिळाले नाहीत. यावर काकूंशी वाद घालून पाहिला. वाया. गल्लीतला दिवा निम्मं वर्ष बंद असतो, मुलींनी दोघी-तिघींनी मिळून जावं. फोनवरून पैसे द्यायचे तर काकूंचा पुतण्या घरात असावा लागतो, कारण कोड त्याच्या मोबाइलचा.

आणि एक तक्रार मी तोंडावर केली होती. मुलांना भात दुसऱ्यांदा विचारतात, मुलींना नाही. काकू गप्प झाल्या. दुसऱ्या दिवसापासून आम्हालाही विचारायला लागल्या, पण "जास्त खाल्लंस तर अभ्यासाला झोप येईल" हे शेपूट जोडून. मुलांना झोप येत नसावी.

कुणी लावू नये? ज्यांना घरून १ तारखेला पैसे येतात आणि फुलके लागतात त्यांनी. त्यांच्यासाठी रत्नागिरीत याहून स्वच्छ, चवदार जागा आहेत. तिथं बेसिनं दोन असतात आणि तुम्ही मंगळवारी का आला नाहीत हे कुणी विचारत नाही.

शिमग्याला गावी गेले तेव्हा जाताना मुद्दाम रत्नागिरीत उतरले. सोमवार होता, भाकरी धरूनच गेले होते. टेबलं तीच, पोरं नवीन. एक चष्मेवाली मुलगी ताटाशेजारी फॉर्म पसरून बसली होती, तिला म्हटलं, आधार कुठल्या खात्याला आहे ते आधी बघ. पिठीत या खेपेला लसूण जास्त होता. जेवण झाल्यावर काकूंनी पाहुणीच्या ताटाचे ९० रुपये मागितले. मला वाटलं होतं, नको म्हणतील. १०० ची नोट दिली, सुटे नव्हते. काकूंनी चोपडी काढली, जुनी पानं उलटून माझं पान शोधलं आणि खाली लिहिलं: जमा १०.

"पुढल्या खेपेला वळते करून घे."